नजरेआडची सिगारेट

जानेवारी लागला की आष्ट्याकडून सांगलीला येणाऱ्या रस्त्यावर अजूनही तो वास येतो. गुऱ्हाळं आता थोडीच राहिलीत, पण जी आहेत ती पहाटेपासून पेटलेली असतात. चुलवाणात उसाची वाळलेली चिपाडं ढकलली जातात, काहिलीत रस उकळत असतो, आणि धूर आणि गोडी यांचं असं काही मिश्रण होतं की गाडीच्या काचा वर घेतल्या तरी ते आत येऊन बसतं. परवा शेजारी बसलेला माझा पुतण्या म्हणाला, "काका, पोल्युशन बघा किती." मी हो म्हणालो. मला त्या धुरात एका मेजरची फिल्टरची सिगारेट सापडत होती, आणि ते पुतण्याला समजावून सांगण्याइतका रस्ता उरलेला नव्हता.

हा पुतण्या गोल्फ खेळतो. गेल्या महिन्यात त्यानं मला पुण्याजवळच्या त्याच्या क्लबात नेलं होतं. गालिच्यासारखं गवत, मुद्दाम खणलेलं तळं, बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या. पहिला टोला मारायच्या जागेपाशीच एक सुबक पाटी: इथे धूम्रपान करू नये. मी त्या पाटीसमोर बराच वेळ उभा राहिलो. पुतण्याला वाटलं मला दम लागला. मी विचार करत होतो की ही माणसं मग दोन टोल्यांच्या मधे करतात काय? गोल्फ हा मुळात चालण्याचा आणि थांबण्याचा खेळ आहे. चेंडूला काठी लागते ते क्षण सगळे गोळा केले तर एक कप चहाही पिऊन होणार नाही. उरलेल्या वेळात पूर्वीची माणसं धूर काढत. आताची मोबाइल बघतात. कशानं छाती लवकर खराब होते हे डॉक्टर सांगू शकतील; चेहरा कशानं लवकर खराब होतो ते मी सांगू शकतो.

मी स्वतः कधी ओढली नाही. त्यामुळे ओढणाऱ्यांकडे मला नेहमीच निवांतपणे बघता आलं.

सत्तरच्या दशकाची ती मधली वर्षं. दुष्काळ सरला होता, माळावर पुन्हा गवत दिसत होतं. मी सांगलीच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवत होतो, आणि सैन्यातून निवृत्त होऊन आष्ट्याजवळच्या आपल्या गावी परतलेल्या मेजर संपतरावांनी मला शोधून काढलं होतं. त्यांनी घरच्या माळावर गोल्फचं मैदान काढलं होतं. पाच भोकांचं. इंग्रजी शिकवणाऱ्या माणसाला गोल्फचे नियम येतच असणार, असं त्यांनी गृहीत धरलं आणि मला पंच नेमून टाकलं. मी नाही म्हणालो नाही, कारण मला कुतूहल होतं. तेवढ्याच कारणासाठी मी आयुष्यात बऱ्याच ठिकाणी जाऊन बसलो आहे.

त्या मैदानाला संस्था होती आणि संस्थेला पाटी होती. पाटी इतकी रुंद की ती लावायला दोन बाभळी लागल्या. सभासदांपेक्षा पदाधिकारी जास्त होते, कारण काहीजण उपाध्यक्षपदाशिवाय यायलाच तयार नव्हते. भोकाभोवती हिरवळ असावी असा नियम. आमच्याकडे हिरवळ उगवणं शक्य नव्हतं. मग वाळूत ट्रॅक्टरचं जळकं तेल मिसळून गोल थापलेले असत. बाकीच्या माळावरचं गवत बिरू धनगराची मेंढरं खाऊन बेताचं ठेवत. बिरूला संस्थेचं कुठलंच पद नव्हतं, पण माळावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत हजर असणारा माणूस तोच एक.

"मास्तर," तो मला एकदा म्हणाला, "ह्यो खेळ मेंढराला समजलाय बगा. चेंडू आला की कान हलिवत्यात, आन् मान काय वर करत न्हाईत."

मेजरसाहेबांचा खेळ खरोखर बघण्यासारखा होता. त्याहून बघण्यासारखं होतं ते त्यांचं सिगारेट ओढणं. लांबचा टोला मारायच्या आधी ते एक झुरका घेऊन धूर सोडत आणि तो कुठं वळतो ते बघत. तेवढ्यानं त्यांना वारा कळे. मग पेटती सिगारेट खाली ठेवायची. वाळक्या गवतावर नाही, काडेपेटी उभी करून तिच्या कडेवर, जळकं टोक बाहेर. टोला मारला, चेंडू कुठं पडतो ते पाहिलं, की वाकून सिगारेट उचलायची. पण खरी गरज लागे ती शेवटच्या हलक्या टोल्याला, भोक दोन-चार हातांवर आलं की. तिथं ते थांबत, दोन झुरके घेत, आणि त्या झुरक्यांनी त्यांच्या हातातून काहीतरी उतरून जाई. खांदे खाली येत. काठी घड्याळाच्या लंबकासारखी हले आणि चेंडू भोकात जाई. मी हे इतक्यांदा पाहिलं की सिगारेट हा गोल्फच्या सामानाचाच एक भाग आहे असं मी मानू लागलो होतो.

आणि नेमकं त्याच हिवाळ्यात त्यांनी आपल्या वडिलांचे डोळे करून आणले.

आबांनी तेव्हा पंचाहत्तरी ओलांडली होती. पहिल्या महायुद्धात बसऱ्याला जाऊन आलेले, उंच, हाडापेरानं अजून शाबूत. डोळ्यांत मात्र मोतीबिंदू पिकलेला. कित्येक वर्षं त्यांना माणसं आवाजावरून ओळखावी लागत होती. मेजरसाहेबांनी मिरजेला नेऊन ऑपरेशन करवलं, जाड भिंगांचा चष्मा आला, आणि आबांना जग दिसू लागलं. ते पहिला आठवडाभर घरातल्या वस्तूंकडेच बघत होते म्हणे. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी विचारलं, "संपा रोज दुपारी कुटं जातो?"

आमच्याकडे वडिलांसमोर सिगारेट ओढत नाहीत. वडिलांना ठाऊक नसतं म्हणून नव्हे. वडिलांना पाकिटाच्या रंगासकट सगळं ठाऊक असतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि समोर दिसणं वेगळं. मुलगा मेजर होऊन आला, त्याच्या कानशिलावरचे केस पांढरे झाले, त्याला स्वतःला जावई आला, तरी वडिलांची चाहूल लागली की सिगारेट खाली पडते. मोतीबिंदूच्या वर्षांत या नियमात थोडी सवलत मिळाली होती. मेजरसाहेब ओसरीच्या टोकाला, वाऱ्याच्या पलीकडच्या बाजूला उभं राहून ओढू शकत. ऑपरेशन यशस्वी झालं आणि ती सवलत संपली.

आबा पहिल्यांदा माळावर आले तो दिवस मला स्वच्छ आठवतो. बिरूनं लांबून शीळ घातली आणि ओरडला, "मेजरसायेब, आबा आलं!" साहेब तेव्हा नुकतीच पेटवून उभे होते. सीमेवर तोफा चालू असताना रसदीचे ट्रक नेलेल्या या माणसानं ती पेटती सिगारेट सरळ कोटाच्या खिशात घातली. संस्थेचा निळा कोट, छातीवर चिन्ह. आबा काठी टेकत जवळ आले.

"काय चाललंय, संपा?"

"काय न्हाई, आबा. खेळ."

"ह्योच का त्यो खेळ? बरं." आबांनी चष्मा सरळ केला. "कोटाला काय झालंय रं?"

"कुटं काय?"

"धूर निगतुया."

मेजरसाहेबांनी खिशाकडे न बघता सांगितलं, "थंडी हाय न्हवं, आबा. वाफ आसंल."

आबांनी थोडा वेळ त्या वाफेकडे पाहिलं. "व्हय," ते म्हणाले, "यंदा लय थंडी हाय," आणि सावकाश पाठ फिरवून एका दगडावर जाऊन बसले. साहेबांनी खिसा मुठीत आवळून विझवला. दुसऱ्या दिवशी त्या जागी निळ्या कापडाचं ठिगळ होतं.

त्यानंतर आबा रोज येऊ लागले. आणि मेजरसाहेबांचा खेळ गेला.

लांबचे टोले ठीक होते. पण भोकाजवळ आलं की हात जड होत. चेंडू डावीकडून जाई, उजवीकडून जाई, पुढं जाऊन थांबे. त्यांनी दाताखाली लवंग धरून पाहिली. सुपारी पाहिली. न पेटवलेली काडी ओठात धरली. बिरू हे सगळं बघत मेंढरांमागे उभा असे. तो एकदा मला हळूच म्हणाला, "मास्तर, सायबाला दात दुखीचा तरास हाय का वो? रोज नवं औशीद तोंडात."

हे एवढं लागावं असं काय होतं, असं कुणी विचारील. होतं. जानेवारीच्या अखेरीला सांगलीच्या लोकांशी वार्षिक सामना होता. आदल्या वर्षी चषक त्यांनी नेला होता. पण मेजरसाहेबांना चषकाचं तसं काही नव्हतं. भांड्यांचं कपाट त्यांच्या घरी भरलेलं होतं. आबा गावात कुणालाही सांगत, "पोरगं मेजर हाय, पर डाळ-तांदळाचं." आबांनी स्वतः बंदूक चालवली होती. रसद खात्यातली मेजरकी त्यांच्या हिशेबात किराणा दुकानाच्या जरा वर बसे. मुलानं सारी नोकरी लांब लांब कुठंतरी केली, आणि परत आला तेव्हा बापाला दिसत नव्हतं. आता दिसत होतं. एकदा, फक्त एकदा, बापानं आपल्याला काहीतरी जिंकताना बघावं, एवढीच त्या माणसाची इच्छा होती. आणि बापानं बघितलं की त्याला जिंकता येत नव्हतं.

मला हा प्रश्न फार आवडला होता, हे कबूल करतो. पुस्तकात असले पेच खूप भेटतात. माळावर ऊन खात असताना भेटलेला हा पहिलाच.

मी साहेबांना म्हटलं, "एकदा ओढाच त्यांच्यासमोर. काय होईल?"

"प्रोफेसर, बोलणं सोपं आहे," ते म्हणाले. "त्यांची भीती नाही वाटत. ते काही बोलणारही नाहीत. पण हातच वर येत नाही. तुम्ही वडिलांच्या अंगावर पाय टाकून जाल का? तसंच."

मग मी दुसऱ्या बाजूनं प्रयत्न केला. आबांच्या दगडाशेजारी मीही एक दगड धरला होता. समोर माळ, त्यापलीकडे ऊस, उसापलीकडे गुऱ्हाळाचा धूर सरळ वर जात असलेला. आबा तंबाखू मळत होते.

"मास्तर, ह्यो पोरगा लय चांगला खेळतो म्हनत्यात. खरं का?"

"खरं आहे, आबा."

"मग मला का दिसंना? मी आल्यापास्नं एक चेंडू भोकात गेल्याला बगितला न्हाई."

तुम्ही उठून गेलात की तो चांगला खेळतो, हे कुणाच्या वडिलांना कसं सांगायचं? आबांनी तंबाखू ओठाखाली सारली.

"बसऱ्यास्नं आलो तवा मलाबी बिडीची सवय लागल्याली," ते म्हणाले. मी काही विचारलं नव्हतं. "थोरलं बंधू ओसरीवर बसायचं. मी गोठ्यात जाऊन वडायचो. तितं एक म्हस हुती, तिला धुराचा ठसका लागायचा."

"बंधूंना कळलं नाही?"

"म्हस खोकली की त्ये ओसरीवरनं वरडायचं, 'आरं, त्या म्हशीला औशीद द्या रं कुणीतरी!'"

"मग?"

"मग काय? म्हस बरी व्हायची."

मी हसलो. आबा हसले नाहीत. त्यांना ती म्हैस डोळ्यांसमोर दिसत असावी. मी धीर करून म्हटलं, "आबा, मग तुम्हीच एकदा सांगून टाका ना त्यांना. ओढ म्हणावं."

जाड भिंगांमागचे ते डोळे माझ्याकडे वळले. नवीन डोळे माणसाकडे फार रोखून बघतात.

"सांगितलं तर मग ऱ्हायलं काय?" ते म्हणाले.

हे वाक्य मी पुढं अनेक वर्षं उलटसुलट करून पाहिलं आहे. आदर, लाज, माया, दरारा, यांतलं नक्की काय राहायचं होतं, ते मला अजून नीट सांगता येत नाही. पुतण्याच्या क्लबातल्या पाटीपाशी मला तेच आठवत होतं. पाटीनं सांगितलं आणि कुणीही ओढत नव्हतं. सगळं अगदी स्वच्छ होतं. कोण कुणासाठी ओढत नाही, हा प्रश्नच तिथं नव्हता.

सामन्याच्या दिवशी मांडव घातला होता. जिल्ह्यातले एक बडे अधिकारी अध्यक्ष म्हणून आले; त्यांनी गोल्फ आणि राष्ट्रीय शिस्त यांवर भाषण केलं. त्या काळी शिस्तीशिवाय कुठलंच भाषण संपत नसे. त्यांना उद्घाटनाचा टोला मारायला सांगितला. काठी चेंडूच्या वरून गेली, टाळ्या झाल्या, आणि चेंडू जागच्या जागी शिस्तीत राहिला.

सांगलीच्या बाजूनं बाबूशेठ होते, हळदीचे अडते. महाबळेश्वरला उन्हाळा काढता काढता ते हा खेळ शिकले होते. धोतर, कॅनव्हासचे बूट, तोंडात पान. जमिनीखालच्या पेवातून काढलेलं हळकुंड मोडून बघावं तसे ते प्रत्येक टोल्याआधी चेंडूकडे बघत. त्यांना कसलंही व्यसन नव्हतं आणि वडील कैलासवासी झाले होते. मेजरसाहेबांच्या तुलनेत ही दुहेरी सोय होती.

आबांना मांडवात पुढची खुर्ची ठेवली होती. ते तिथं बसले नाहीत. शेवटच्या भोकापाशी दगड टाकून घेतला आणि तिथं बसले. "आवं आबा, हितं ऊन लागंल," बिरू म्हणाला. "लागू दे," आबा म्हणाले. "पोरगं सगळं करून शेवटाला हितंच येनार न्हवं?"

पहिली चार भोकं आबांपासून लांब होती. तिकडं साहेबांनी काय केलं ते मी पंच म्हणून बरोबर फिरत असल्यानं पाहिलं. एवढंच सांगतो की दर थोड्या वेळानं एखाद्या बाभळीमागून धूर निघत होता आणि साहेब सुंदर खेळत होते. बाबूशेठ पान सावरत म्हणाले, "मेजरसाहेब, ती बाभूळ जळायला लागली का काय?" साहेब म्हणाले, "शेठ, तुम्ही चेंडू बघा." पाचव्या भोकाकडे आलो तेव्हा साहेब दोन टोल्यांनी पुढं होते. मग त्यांनी आबांना दगडावर बसलेलं पाहिलं, एक टोला वाया गेला आणि आघाडी एकाच टोल्याची उरली.

बाबूशेठांनी आपला चेंडू भोकात घातला आणि बाजूला झाले. साहेबांचा चेंडू तेलकट वाळूवर, भोकापासून काठीभर अंतरावर होता. हा टोला पडला तर बरोबरी, आणि बरोबरीत चषक आधीच्या विजेत्याकडेच राहतो असा नियम, असं बाबूशेठांचा एक माणूस सांगू लागला. मी मोजून सांगितलं की नाही, पडला तर मेजरसाहेब एका टोल्यानं जिंकतात. चुकला तर बरोबरी, आणि मग चषक सांगलीला. मांडवातले पदाधिकारी खुर्च्यांवरून उठून भोवती उभे राहिले.

साहेब चेंडूपाशी गेले. काठी धरली. सोडली. कपाळ पुसलं. त्यांचा डावा हात कोटाच्या खिशाकडे, त्या ठिगळाकडे गेला आणि परत आला. पुन्हा काठी धरली. पुन्हा सोडली. लांबूनही दिसत होतं.

तेव्हा आबा उठले. काठी टेकत दगडाच्या दुसऱ्या बाजूला गेले आणि आमच्याकडे पाठ करून बसले. समोर माळ, ऊस, गुऱ्हाळाचा धूर.

"मास्तर," त्यांनी मोठ्यानं विचारलं, पाठमोऱ्यानंच, "आज त्या गुऱ्हाळावर कुनाचा ऊस लागलाय वो?"

कुणाचा ऊस लागलाय ते मला ठाऊक नव्हतं. आणि ते मला विचारलेलंही नव्हतं. "बघून सांगतो, आबा," मी म्हणालो.

आजूबाजूच्या त्या सगळ्या माणसांत, शहरच्या अडत्यांत आणि माळावरच्या धनगरात, असा एकही नव्हता ज्याला काय झालं ते कळलं नाही. बिरूनं खाली मान घातली. बाबूशेठांनी तोंडातलं पान चघळायचं थांबवलं. फक्त अध्यक्ष शेजारच्याला विचारत होते, "खेळ थांबला का?"

मेजरसाहेबांनी पाकीट काढलं. काडी ओढल्याचा आवाज आला. आबांची पाठ हलली नाही. एक झुरका. दुसरा. साहेबांचे खांदे खाली आले, हात स्थिर झाले. आता टोला मारायचा आणि जिंकायचं एवढंच उरलं होतं.

पण ते मारेनात. ते वडिलांच्या पाठीकडे बघत होते. मिरजेहून आणलेल्या त्या डोळ्यांसाठी त्यांनी वर्षभर घरात हट्ट धरला होता, आणि ते डोळे आता समोरच्या उसाकडे बघत होते. साहेबांनी अर्धी सिगारेट बुटाखाली चिरडली, वरून वाळू लोटली, हातानं हवेतला धूर पांगवला. पाकीट बाबूशेठांच्या हातात दिलं. बाबूशेठांनी ते मुकाट्यानं धोतराच्या ओच्यात घेतलं.

"आबा," साहेब म्हणाले, "तोंड हिकडं करा."

"झालं?"

"न्हाई. आता मारतो. बगा."

आबा वळले. उठून उभे राहिले, चष्मा काढून उपरण्यानं पुसला, पुन्हा लावला. बापलेक एकमेकांकडे बघत नव्हते. दोघंही चेंडूकडे बघत होते. साहेबांनी काठी मागं नेली. हात पुन्हा जड झालेले मला दिसले. चेंडू निघाला, वाळूवर बारीक रेघ ओढत सरळ गेला, भोकाच्या काठावर पोचला, जरासा कलला, आणि तिथंच थांबला.

सांगलीच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण जरा वेळानं. अध्यक्षांनी चषक बाबूशेठांच्या हाती दिला आणि दुसरं भाषण सुरू केलं. साहेब अजून चेंडूपाशीच उभे होते. आबा काठी टेकत त्यांच्याजवळ गेले. मी पंच, चेंडू उचलायला मीही तिथंच वाकलो होतो, म्हणून ऐकू आलं.

"चुकला, आबा," साहेब म्हणाले.

"व्हय." आबा त्या काठावरच्या चेंडूकडे बघत होते. "तू हात लावल्यापास्नं पार हितंपातूर दिसला मला. एकदाबी सुटला न्हाई नजरंतनं."

आबांनी उपरणं खांद्यावर सारखं केलं, बाबूशेठांकडे गेले आणि हात पुढं केला. बाबूशेठ क्षणभर गोंधळले. मग त्यांनी ओच्यातून पाकीट काढून आबांच्या तळहातावर ठेवलं. आबांनी त्याकडे पाहिलं नाही. परत येऊन ते त्यांनी दगडावर, आपण बसलो होतो त्या जागी, ठेवलं.

"मी फुडं हुतो," ते म्हणाले. "तू ये सावकाश."